मैफलीपासून मिरवणुकीपर्यंत: संगीताच्या फोटोंचं सामूहिक ऑनलाइन प्रदर्शन कसं भरवायचं

दिवाळी पहाटेला ठाण्याच्या तलावपाळीवर गेलात तर गाणाऱ्यांपेक्षा वर धरलेले मोबाइलच जास्त दिसतात. गडकरी रंगायतनमधल्या मैफलीतही कडेला दोन-तीन कॅमेरे असतातच. नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले वाजवून गेले, त्या रात्री निघालेल्या फोटोंची तर मोजदादच नाही. एवढे फोटो जातात कुठे? एक दिवस स्टेटसवर, मग फोनच्या पोटात. हे फोटो एकत्र आणून, निवडून, नावानिशी मांडायचे ठरवले तर काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने लिहितोय. भारी कॅमेरा हवाच असं नाही, वेबसाइट बनवता आली पाहिजे असंही नाही. चार-पाच माणसं आणि बऱ्यापैकी चिवटपणा मात्र हवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे. असल्या प्रदर्शनाचा कस फोटोंपेक्षा नावांत लागतो. फोटोत कोण आहे, काय वाजवतंय, कुठे, कधी, आणि फोटो कोणी काढला, हे पाचही ज्याच्याखाली लिहिता येत नाही तो फोटो कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवायची तयारी हवी.

विषय आवळून घ्या

‘आमच्या शहरातलं संगीत’ हा विषय नव्हे, ती अडगळीची खोली झाली. त्यात सगळंच मावतं आणि काहीच सापडत नाही. विषय असा हवा की एखादा फोटो बघितल्याबरोबर तो आत की बाहेर हे सांगता यावं.

माझं स्पष्ट मत: मोठ्या नावांच्या मागे लागू नका. स्टेडियमवरच्या कलाकारांचे उत्तम फोटो जगभर पडलेत, तुमच्या स्टँडमधून झूम करून काढलेल्या फोटोने त्यात भर पडत नाही. मात्र सकाळच्या लोकलमध्ये टाळ आणि ढोलकी घेऊन उभी असलेली भजनी मंडळी, आगरी-कोळी लग्नात धवला, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणणाऱ्या धवलारिणी, हळदीला वाजणारी बेंजो पार्टी, पुलाखाली किंवा मैदानात चालणारा ढोल-ताशा पथकाचा सराव, संगीत क्लासची गुरुपौर्णिमा, ऐरोली-नेरूळच्या कॉलेजांतले बँड, ठाणे महापालिका पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ भरवते तो महोत्सव, गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, यातलं बरंचसं नीट टिपलंच जात नाही. टिपलं गेलं तरी खाली नाव नसतं.

या लेखात उदाहरणासाठी मी एक विषय धरतो: ‘साथीदार’. म्हणजे मुख्य गायक-वादक सोडून मंचावर असलेले सगळे. तबलजी, संवादिनीवाले, तंबोऱ्यावर बसलेली शिष्या, भजनातला टाळकरी, पथकात ध्वजामागे राहिलेला ताशेवाला, आणि साउंडच्या टेबलामागचा माणूससुद्धा. तुमचा विषय वेगळा असेल तर पायऱ्या त्याच राहतात.

कोण काय करणार

सामूहिक म्हटलं की सगळे सगळं करतील असं वाटतं आणि शेवटी एकटाच रात्री दोन वाजता फाइली चढवत बसतो. चार कामं वेगळी काढा आणि प्रत्येकाला एक माणूस नेमा: फोटोंची निवड, फाइली सांभाळणं, नावं आणि परवानग्या, वेबसाइट. यातलं तिसरं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. ते फोन करायला न लाजणाऱ्या माणसाकडे द्या. बहुतेक ग्रुपमध्ये एखाद्या ताई किंवा काका असे असतातच की ज्यांना अनोळखी माणसाशीही पाच मिनिटांत गावची ओळख काढता येते.

पहिल्याच दिवशी प्रदर्शनाच्या नावाने एक वेगळा ईमेल उघडा. ड्राइव्ह, फॉर्म, वेबसाइट, डोमेन घेतलं तर तेही, सगळं त्याच खात्यावर. पासवर्ड दोघांकडे. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर सगळं ठेवलं आणि तो माणूस नोकरीसाठी बाहेरगावी गेला, किंवा नुसता रुसला, की प्रदर्शन त्याच्याबरोबर जातं.

वेळापत्रक उलटं मांडा

उघडायची तारीख आधी ठरवा आणि तिथून मागे या. २१ जून हा जागतिक संगीत दिन. त्याची सुरुवात १९८२ साली फ्रान्समध्ये झाली. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो. आपल्याकडे दोन्ही तारखा पावसात येतात, तेव्हा मोकळ्या मैदानातले कार्यक्रम बंद असतात आणि माणसं घरात असतात. त्यामुळे गणपतीपासून पाडव्यापर्यंत फोटो काढायचे, एप्रिलमध्ये मागवायचे, मे महिन्यात निवडायचे आणि २१ जूनला उघडायचं, असा हिशोब आमच्या भागाला चांगला बसतो. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट, थंडीतल्या मैफली आणि पाडव्याची यात्रा, सगळं त्या काळात येतं.

परवानगी, आणि फोटो कोणाचा हा प्रश्न

रस्त्यावरच्या मिरवणुकीत कोणी अडवत नाही. सभागृहात मात्र आयोजक आणि कलाकार दोघांनाही विचारायचं. आयोजकाने हो म्हटलं म्हणजे गायकाने म्हटलं असं नाही. आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर साधा मजकूर पाठवला तरी चालतो:

‘नमस्कार. ठाणे-नवी मुंबईतल्या साथसंगत करणाऱ्या कलाकारांवर आम्ही फोटोंचं ऑनलाइन प्रदर्शन करतोय. शनिवारच्या कार्यक्रमात कडेला थांबून, फ्लॅश न वापरता फोटो काढायची परवानगी हवी आहे. निवडलेला फोटो प्रसिद्ध करण्याआधी तुम्हाला दाखवू. यात विक्री नाही. पूर्ण आकाराची फाइल तुम्हाला मोफत मिळेल.’

याला आलेलं उत्तर जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढून त्या कार्यक्रमाच्या फोल्डरमध्ये टाका. भजनाला गेलात तर बुवांना आधी भेटायचं. लग्नघरी धवला टिपायचा असेल तर घरच्यांची परवानगी वेगळी आणि ‘आजी, फोटो काढला तर चालेल का?’ हे वेगळं. दोन्ही घ्या. अठरा वर्षांखालची मुलं असतील तर आई-वडिलांची लेखी संमती, याला अपवाद करू नका. आणि लोकल किंवा फलाटावर मोठा कॅमेरा-ट्रायपॉड काढला की रेल्वेच्या परवानगीचा प्रश्न येतो. तिथे मंडळींना विचारून फोनवर भागवा.

मोठ्या तिकिटाच्या कार्यक्रमांना लेन्स बदलता येणारा कॅमेरा सहसा गेटवरच अडवतात. आत न्यायचा तर आयोजकांच्या प्रसिद्धी विभागाकडून पास लागतो, आणि पास मिळाला तरी रॉक कार्यक्रमांत ‘पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही’ ही रीत पाळावी लागते. त्यानंतर फोटोग्राफरांना मंचासमोरून बाहेर काढतात.

आता मालकी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणारा हाच सहसा त्याचा पहिला मालक. पण कलम १७ मध्ये एक महत्त्वाचा अपवाद आहे: कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याची. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंचंही साधारण तसंच. म्हणजे तुमच्या ग्रुपमधला एखादा दादा लग्नांची किंवा मंडळाची कामं घेत असेल आणि त्यातलेच फोटो प्रदर्शनाला देत असेल, तर आधी ज्याने काम दिलं त्याची लेखी परवानगी आणायला सांगा. हे बहुतेकांना माहीतच नसतं.

प्रदर्शनाला फोटोची मालकी नको, फक्त वापराची परवानगी हवी, तीही लेखी. त्यात चार गोष्टी असू द्या: कोणता फोटो, कशासाठी (प्रदर्शन आणि त्याची प्रसिद्धी, बस), किती काळ, आणि नाव कसं छापायचं. ‘सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ हे वाक्य स्पर्धांच्या फॉर्ममधून उचलून कोणी टाकतंच. दिसलं की खोडा. चांगले फोटोग्राफर ते वाचून तिथेच थांबतात, आणि बरोबर करतात.

फोटो काढताना

मैफलीत प्रकाश कमी, हात-चेहरे हलणारे आणि तुमची जागा ठरलेली. कॅमेरा असेल तर लेन्सचं तोंड जितकं मोठं उघडेल तितकं उघडा, म्हणजे एफ १.८ किंवा २.८. शटर गायकासाठी १/२०० सेकंदाच्या आसपास, तबला किंवा ड्रमसाठी १/५०० पर्यंत. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची तीव्रता, ३२०० किंवा ६४०० गेला तरी घाबरू नका, दाणेदार फोटो चालतो, हललेला चेहरा सहसा चालत नाही. मागे काळा पडदा असला की कॅमेऱ्याला सगळा प्रसंगच अंधारा वाटतो आणि तो चेहरा पांढराफटक करून टाकतो. एक्स्पोजर एक पायरी खाली घ्या, किंवा प्रकाश फक्त चेहऱ्यावर मोजायला लावा. शक्य तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न झालेली मूळ फाइल, ठेवा, कारण हल्लीचे एलईडी दिवे चेहरा जांभळा किंवा लालबुंद करतात आणि जेपेगमधून तो परत माणसाच्या रंगावर आणणं अवघड जातं.

एलईडीची दुसरी खोड म्हणजे आडवे पट्टे. दिवे डोळ्याला स्थिर दिसतात, पण मुळात ते भराभर उघड-झाप करत असतात. आवाज नको म्हणून कॅमेरा सायलेंट मोडवर टाकला की इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचतं, आणि तेवढ्यात दिवा चालू-बंद झाला की पट्टे उमटतात. शास्त्रीय मैफलीत आलापाच्या वेळी शटरचा खटका म्हणजे पाप, आणि सायलेंट मोडमध्ये पट्टे. यावर उतारा असा: कार्यक्रमाआधी दिवे तपासत असतात तेव्हाच दोन-चार फोटो काढून बघा. साध्या ट्यूबलाइटखाली, म्हणजे मंदिराच्या किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, आणि त्या हिशोबात शटर बसलं की पट्टे येत नाहीत. ते जमलं नाही तर खटक्याचं शटर वापरा, पण समेवर. टाळ्या आणि ‘वाह’ यांच्यात खटका विरून जातो. त्यासाठी गाणं ऐकता यावं लागतं, हे ओघाने आलंच.

फोनवाल्यांनी तीन गोष्टी कराव्यात. लेन्स रुमालाने पुसा. चेहऱ्यावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह खाली ओढा. नाइट मोड बंद करा, कारण तो दोन-तीन सेकंदांचे फोटो जोडतो आणि तेवढ्यात तबलजीचे हात धूर होतात. झूमपेक्षा चार पावलं पुढे गेलेलं बरं, अर्थात कोणाच्या डोळ्यांपुढे न येता.

आणि मग कुठे बघायचं. गायकाच्या समोरून फोटो काढला तर तोंडापुढे माइकचा गोळा येतो. कडेला सरका. सरकलात की साथीदार आपोआप चौकटीत येतात, आपल्या विषयाला तेच हवंय. खरे फोटो वाजवण्याच्या मधल्या क्षणांत असतात. विलंबित संपून द्रुत सुरू व्हायच्या आधी तबलजी हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या तोंडाभोवतीच्या चामड्याच्या गोफावर, हळूच ठोकतो, कान खाली नेतो, एक घर सोडून पुढे पुन्हा ठोकतो, आणि तेवढ्या वेळात संवादिनीवाला त्याच्यासाठी एकच सूर धरून बसलेला असतो. भजनाआधी पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावणारा हात. पथकाच्या सरावात ढोल कमरेला बांधताना मागून गाठ मारून देणारी मैत्रीण, टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, धरून धरून बोटांना गुंडाळलेली चिकटपट्टी. तंबोऱ्यावरच्या मुलीची बोटं तासभर तेच करत असतात, तिचा चेहरा बघा: गुरूंनी गाण्यात एखादी सुंदर जागा घेतली की ती आधी तिच्या डोळ्यांत दिसते.

कार्यक्रम संपल्यावर लगेच घरी पळू नका. मंचामागे जाऊन प्रत्येकाचं पूर्ण नाव विचारून फोनवर लिहून घ्या, स्पेलिंगसकट. निवेदकाने सांगितलेल्या नावावर विसंबू नका. निवेदक मुख्य कलाकाराची दोन पानी ओळख करून देतो आणि साथीदारांची नावं टाळ्यांत गिळतो. आपल्याला नेमकी तीच हवी आहेत.

फोटो मागवणे

गूगल फॉर्म पुरतो. त्यात फाइल चढवायची सोय केली तर पाठवणाऱ्याला गूगल खात्याने लॉगिन करावं लागतं, हे ज्येष्ठ मंडळींना आधी सांगून ठेवा. त्यांच्यासाठी ईमेलचा पर्याय असू द्या. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो, तिथून घ्यायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावा. मोफत ड्राइव्हवर १५ जीबी जागा असते, त्यामुळे या टप्प्यावर रॉ फाइली नकोत, मोठे जेपेग पुरे.

प्रत्येकाकडून जास्तीत जास्त आठ फोटो घ्या. मर्यादा घातली नाही तर एकेक जण दीडशे फोटो ओततो आणि ‘तुम्हीच निवडा’ म्हणतो. आपले आठ निवडता येणं हीच निम्मी फोटोग्राफी आहे.

फॉर्ममध्ये विचारायचं ते थोडकं: तुमचं नाव कसं छापायचं, फोटोतल्या प्रत्येकाचं नाव आणि वाद्य, जागा, तारीख, परवानगी कोणी दिली, फोटोवर काय प्रक्रिया केली, आणि हे काम कोणी पैसे देऊन करून घेतलं होतं का. नावाच्या रकान्याला ‘आवश्यक’ची खूण करा. मग बघा, लोक ‘माहीत नाही’ लिहितात. ते ‘माहीत नाही’ असलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि नावं शोधायला महिनाभर द्या. मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकून विचारलं की बहुतेक नावं दोन दिवसांत सापडतात.

प्रक्रियेबद्दलचा नियम आधीच जाहीर करा. कातरणं, उजेड-रंग नीट करणं, दाणे कमी करणं चालेल. मंचावरचा माइक, वायर, पाण्याची बाटली पुसून टाकणं किंवा एआयने नसलेलं काही घालणं चालणार नाही. ती बाटलीसुद्धा त्या मैफलीचा भाग असते.

निवड

इथे भांडणं होतात. होऊ द्या, पण पद्धत आधी ठरवा.

फाइल सांभाळणाऱ्याने सगळ्या फोटोंना नुसते आकडे द्यायचे आणि काढणाऱ्यांची नावं झाकायची. पहिल्या फेरीत तीन माणसं स्वतंत्रपणे हो-नाही म्हणतात, एकाचा जरी ‘हो’ असेल तर फोटो पुढे जातो. तिघांचाही ‘नाही’ तो बाहेर. दुसऱ्या फेरीत एकच माणूस, संपादक, अंतिम निवड करतो. मतदानाने शेवटची निवड करू नका. मतदानात कोणालाच न खुपणारे फोटो जिंकतात: उजेड बरा, चेहरा हसरा, रंग छान. ज्यावर दोघं जीव टाकतात आणि तिसरा नाक मुरडतो असा फोटो मतदानात हमखास पडतो, आणि लक्षात राहणारे फोटो बऱ्याचदा त्याच जातीचे असतात.

रॉक संगीतातला सगळ्यांत गाजलेला एक फोटो पेनी स्मिथ यांनी १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये काढला: द क्लॅश या ब्रिटिश बँडचा पॉल सिमोनन मंचावर बास गिटार आपटतोय. फोटो नीट फोकसमध्ये नाही, म्हणून तो अल्बमच्या मुखपृष्ठावर वापरू नये असं खुद्द स्मिथ यांचं म्हणणं होतं. बँडने ऐकलं नाही. म्हणून म्हणतो, हललेला फोटो बघितल्याबरोबर उडवू नका. आधी तो कशामुळे हललाय ते बघा. ताशाच्या काड्यांचा पंखा झालाय आणि वाजवणाऱ्याचे डोळे लख्ख आहेत, तर तो फोटो ठेवायचाच. चेहरा, हात, माइक सगळंच धूसर, तर नाही.

एकूण फोटो चाळीसच्या वर नेऊ नका. फोनवर बघणारा माणूस त्यापुढे नुसता अंगठा ढकलतो. सहभागी प्रत्येकाचा निदान एक फोटो घ्यायचा का, हे तुमच्या ग्रुपच्या स्वभावावर आहे. माझ्या मते घ्यावा, सामूहिक म्हणवतो आहोत तर. पण मग प्रत्येकाचा सर्वांत चांगला एक, समान वाटप नको.

क्रम लावायला स्क्रीन उपयोगाचा नाही. निवडलेले फोटो स्वस्तात छोटे छापून आणा आणि सोसायटीच्या हॉलच्या फरशीवर पसरा. वर उभं राहून बघितलं की दिसतं: सलग पाच जांभळे फोटो आलेत, सगळे उजवीकडे बघतायत, तबला सतरा वेळा आणि टाळ एकदाच. तारखेप्रमाणे लावू नका, वाद्यांचे गठ्ठेही करू नका. लोकलमधल्या टाळकऱ्याच्या शेजारी गडकरीतला तबलजी ठेवून बघा, दोघांच्या बोटांत काहीतरी जुळतं. रंग फारच विचित्र असलेला एखादा फोटो कृष्णधवल केला तर हरकत नाही. सगळेच कृष्णधवल करून ‘कलात्मक’ व्हायचा मोह मात्र टाळा, पाडव्याच्या यात्रेतून भगवा आणि हळदीतून पिवळा काढला तर उरतं काय?

फोटोखालच्या ओळी

‘सुरांत हरवलेला क्षण’, ‘नादब्रह्म’, ‘तल्लीन’: अशा ओळींवर सरसकट बंदी. त्या कुठल्याही फोटोखाली बसतात, म्हणजे कुठल्याच फोटोच्या नसतात. नमुना असा ठेवा:

‘तबला: (पूर्ण नाव). विलंबितानंतर गजऱ्यावर हातोडी ठोकून सूर जुळवताना. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, ठाणे, डिसेंबर २०२५. मुख्य गायन: (पूर्ण नाव). छायाचित्र: (पूर्ण नाव).’

बघा, इथे मुख्य गायकाचं नाव मागे गेलं. काहींना खटकेल. फोटोत जो आहे त्याचं नाव आधी, हा नियम सगळ्यांना सारखा लावला की तक्रार टिकत नाही. पंडित, बुवा, उस्ताद, गुरू या उपाधी लावायच्या की नाही हेही एकदाच ठरवा. एकाला पंडित आणि दुसऱ्याला नुसतं आडनाव, असं झालं की फोन येणारच. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्हीकडे लिहा, कारण नातवंडं आजोबांचं नाव गूगलवर रोमनमध्येच शोधतात.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. फोटोवरच सुंदर फॉन्टमध्ये नाव छापलं तर ते शोधात सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचं स्क्रीन रीडरही ते वाचत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक फोटोला पर्यायी वर्णन द्या, तेही साधं: ‘पांढऱ्या कुर्त्यातला तरुण तबल्यावर वाकलेला, उजव्या हातात छोटी हातोडी. मागे तंबोऱ्याचा भोपळा.’ सुंदर, भावपूर्ण असले शब्द नकोत. काय दिसतं ते सांगा.

मजकूर तयार झाला की ज्यांची नावं आहेत त्यांना पाठवा. दोन दिवस थांबा. ‘ताशा नाही हो, ती संबळ आहे’ असं उत्तर आलं तर आभार माना.

वेबवर मांडणे

हा भाग लोकांना सर्वांत अवघड वाटतो आणि सर्वांत लवकर होतो. गूगल साइट्सवर मोफत, कोड न लिहिता, एका दुपारीत पानं उभी राहतात. फोटोंची लांब बाजू २०४८ पिक्सेल, रंग एसआरजीबी, जेपेग दर्जा ८० च्या आसपास ठेवा. बहुतेक फाइली अर्ध्या एमबीच्या आत बसतात. चढवण्याआधी फोटोतली जागेची माहिती, म्हणजे जीपीएस, काढून टाका. धवला कोणाच्या तरी घरी झालेला असतो, त्या घराचा पत्ता फाइलबरोबर जगभर जायला नको. फोटोग्राफरचं नाव मात्र फाइलच्या माहितीत राहू द्या. पानं तयार झाली की घरच्या वायफायवर नाही, ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये बसून फोनवर उघडून बघा. ठाण्याहून वाशीला पोचेपर्यंत पहिले दहा फोटो नीट दिसले तर काम झालं.

मागे गाणं लावायचा मोह होईल. टाळा. अभंग तुकोबांचा असला तरी चाल आणि ध्वनिमुद्रण आजच्या कोणाचं तरी असतं, आणि त्याची परवानगी हे वेगळंच प्रकरण आहे. शिवाय आपोआप वाजणारं पान लोक ऑफिसात दचकून बंद करतात.

उघडताना आणि नंतर

सर्वांना दुवा पाठवण्याआधी एक दिवस फक्त कलाकारांना आणि फोटोग्राफरांना दाखवा. उद्घाटनाला पाहुणा नसला तरी चालतं. क्यूआर कोड छापलेली छोटी पत्रकं नाट्यगृहाच्या बाहेर, संगीत क्लासच्या फलकावर, पथकाच्या सरावाच्या जागी, भजनी मंडळाच्या मंदिरात लावा, अर्थात तिथे विचारून. जमलं तर त्याच संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून सगळे फोटो एकदा मोठे बघा. तबलजींच्या घरच्यांना बोलवा, त्यांनी आजवर बहुधा गायकाच्या कोपराआड गेलेले त्यांचे फोटोच पाहिले असतात.

पानाच्या तळाशी संपर्काचा ईमेल असू द्या. ‘माझा फोटो काढून टाका’ असं कोणी लिहिलं तर कारण न विचारता आधी तो फोटो लपवायचा, चर्चा नंतर. हे काम कोणाकडे आणि किती तासांत, ते आधी ठरलेलं असलं की गडबड होत नाही. मूळ मोठ्या फाइली, परवानग्यांचे स्क्रीनशॉट आणि नावांची यादी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर दोन वेगळ्या घरी ठेवा. डोमेन घेतलं असेल तर त्याच्या नूतनीकरणाची तारीख दोघांच्या फोनमध्ये टाका.

राहिलं कलाकारांना दिलेलं वचन. पूर्ण आकाराची फाइल पाठवताना सोबत एक ओळ लिहा: ‘हा फोटो आपल्या कार्यक्रमांच्या पत्रिकेवर, फ्लेक्सवर आणि सोशल मीडियावर छायाचित्रकाराच्या नावासह वापरता येईल. जाहिरातीसाठी वापरायचा असल्यास कृपया आधी विचारावे.’ फ्लेक्स बनवणाऱ्याकडे पोचेपर्यंत ही ओळ कुठेतरी गळतेच, म्हणून फाइलच्या नावातच वादकाचं आणि फोटोग्राफरचं, दोन्ही नावं घाला.